रंगाआधीचे

लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 साली चित्रकार होण्याच्या उमेदीने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, आणि काही रंगांमधला भेद आपल्या डोळ्यांना उमगतच नाही हे पुढे ध्यानात आल्यावर त्यांना कुंचला खाली ठेवावा लागला, ही हकिकत आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखात एका कारखानदाराच्या चरित्राचा आरंभ म्हणून सांगितली जाते. मी पेशाने ड्रॉइंग मास्तर असल्यामुळे मला मात्र ती चित्रकलेचीच हकिकत वाटत आली आहे. रंग वजा झाल्यावर या गृहस्थांजवळ रेषा, आकार आणि प्रमाण एवढेच उरले. पण तेवढ्या भांडवलावर त्यांनी यांत्रिक रेखनाची विद्या हस्तगत केली, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकविली, आणि अखेरीस लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होईल या धास्तीने शेतकरी प्रथम त्या नांगराला शिवायला तयार नव्हते, हे सर्वश्रुत आहे. फाळाने कापलेली ढेप उचलून तिला कुशीवर पालथी पाडणारा त्याचा पिळदार भाग कोणी निरखून पाहावा: रेषेला वळण कोठे द्यावे आणि किती द्यावे, याचा इतका चोख दाखला पुष्कळशा चित्रप्रदर्शनांतूनही मिळत नाही.

बिंदू, रेषा, आकार, रंग, छायाभेद, पोत, अवकाश हे घटक, आणि तोल, लय, प्रमाण, विरोध, संवाद ही तत्त्वे, अशी नामावळी मुले परीक्षेपुरती घडाघडा म्हणतात. माझी त्याविषयी तक्रार नाही. पण नामावळी तोंडात असली म्हणजे ती डोळ्यांत उतरली असे होत नाही. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रासाठी पुढ्यात साधा तांब्या ठेवला, तर नवखा विद्यार्थी त्याचे तोंड लंबवर्तुळ काढतो आणि बूड सरळ रेषेने कापून टाकतो, कारण तांब्या सपाट पाटावर बसतो हे त्याला ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्याचाच अंमल डोळ्यांवर चालतो. वास्तविक बूड दृष्टिरेषेपासून अधिक खाली असल्यामुळे त्याची वर्तुळाकृती तोंडाहून अधिक फुगीर दिसली पाहिजे. हे मी फळ्यावर सिद्ध करीत नाही. मुलाला हात ताठ करून पेन्सिल समोर धरायला सांगतो आणि अंगठा सरकवीत उंची-रुंदी मोजायला लावतो. शेजारी कप असला तर त्याच्या कानापेक्षा कानातली पोकळी आधी काढावी असा माझा दंडक आहे. ती बरोबर साधली की कान आपोआप जागेवर येतो. अवकाश म्हणजे काय, हे त्या बोटभर पोकळीत जितके कळते तितके व्याख्येने कळत नाही.

ज्या औंध संस्थानात लक्ष्मणरावांना 1910 साली कुंडलजवळची जागा मिळून किर्लोस्करवाडी उभी राहिली, त्याचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, आणि 1938 साली औंधास यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय ही आम्हा मास्तरमंडळींची खरी शाळा होय. तेथे रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि उजेडाचा बंदोबस्त असा की ऊन थेट चित्रांवर उतरत नाही. मी मुलांना तैलचित्रापुढे उभे करून डोळे किलकिले करायला सांगतो. तसे केले की जरीचे काठ, दागिने, गालांवरची लाली हे सारे मावळते आणि उजळ व गडद अशा चारदोन मोठ्या राशी तेवढ्या शिल्लक राहतात; त्यांचा तोल साधलेला असेल तर ते चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही उभे राहते. नामांकित चित्रांपैकीही काही या कसोटीत पडतात, पण ती कोणती हे मी मुलांना सांगत नाही. त्याच इमारतीत हेन्री मूर यांचे माता आणि बालक यांचे शिल्प आहे. तिथे तर रंगाचा आधार मुळातच नाही; घनता आणि पोकळी यांवरच सारे वात्सल्य तोलले आहे.

कामसूत्रावरील जयमंगला टीकेत यशोधराने चित्राची षडंगे सांगितली, त्यांत रूपभेद पहिला, त्यामागून प्रमाण, भाव, लावण्ययोजना आणि सादृश्य, आणि वर्णिकाभंग, म्हणजे रंगांचा विनियोग, सर्वांत शेवटी येतो. हा क्रम त्याने पायऱ्या म्हणून लावला असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. माझ्या वर्गात मात्र मी तो पायऱ्यांसारखाच वापरतो.

पालकांना हे रुचत नाही. चोवीस रंगांची पेटी विकत घेऊन दिल्यावर ती दप्तरात पडून राहते, ही त्यांची तक्रार रास्तच आहे. त्यांना मी सांगतो की पेटी राहू द्या. तूर्त मुलाने पेन्सिल आणि खोडरबर आणावे, त्यातही खोडरबर घरी विसरला तर उत्तम, आणि दिवाळीनंतर त्या चोवीसांतले तांबडा, पिवळा व निळा एवढे तीन पाठवावेत, बाकीचे एकवीस त्याचे तोच त्यांतून तयार करील.