पी तेल नि हो बरी!

तुमची मांजर सीरियस आहे असं ऑफिसात सांगून बघा. चहा संपायच्या आत तीन सल्ले मिळतात. पहिला हळदीचा, दुसरा गोमूत्राचा. तिसरा सल्ला देणारा दर वीकेंडला ट्रेकला जातो, ब्लॅक कॉफी पितो आणि थेट मोबाइलवर लिंकच पाठवतो. सीबीडी ऑइल! 'अगं, फॉरेनला सगळे देतात. दोन थेंब टाकायचे, बस्स!' आपल्याकडे 'पी हळद नि हो गोरी' म्हणतात ना, त्याचीच ही नवी, ड्रॉपरवाली आवृत्ती.

मला हा सल्ला आत्तापर्यंत सात जणांनी दिलाय. सातही जणांचं मन चांगलं आहे, म्हणून त्याला उडवून लावण्याआधी मी व्यवस्थित अभ्यास केला. कारण प्रश्न चिमणीचा होता.

चिमणी ही माझी मांजर. नावावर जाऊ नका, आईनं ठेवलंय. मी रांजणगाव एमआयडीसीत नोकरी करते, शिरूरला फ्लॅट घेऊन राहते आणि माहेर दौंडला. चिमणीचा जन्म दौंडचा, नोकरी (म्हणजे माझ्या उशीवर झोपणं) शिरूरची. गेल्या पावसाळ्यात तिचं खाणं कमी झालं. हिरड्या पांढऱ्याफटक दिसायला लागल्या. शिरूर-दौंड हा सगळा दुधाचा आणि उसाचा टापू. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींच्या मागे जातो. तरी आमच्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून एकदाच पाहिलं आणि म्हणाले, 'रक्त कमी झालंय. पुण्याला नेऊन व्हायरसची टेस्ट करा. आजच.'

नगर रोडनं पुणं सत्तरेक किलोमीटर. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये चिमणीनं जे काही सुनावलं ते छापण्यासारखं नाही. क्लिनिकमध्ये रक्ताचे दोन-तीन थेंब किटवर टाकले, दहा मिनिटांत निळा ठिपका. पॉझिटिव्ह. खात्रीसाठी पीसीआर केली, तीही पॉझिटिव्ह. फेलाइन ल्युकेमिया व्हायरस, म्हणजे एफईएलव्ही.

नावात ल्युकेमिया आहे म्हणून सगळे 'ब्लड कॅन्सर' म्हणतात, पण मुळात हा व्हायरस आहे. १९६४ मध्ये ग्लासगोच्या विल्यम जॅरेट या पशुवैद्यानं तो शोधला. एकाच घरातल्या बऱ्याच मांजरांना लिम्फोमा कसा काय होतो, या कोड्यावरून. हा व्हायरस कुणाला कॅन्सर देतो, कुणाला अ‍ॅनिमिया, आणि बऱ्याच मांजरांची प्रतिकारशक्तीच खाऊन टाकतो. माणसाला तो होत नाही, कुत्र्यालाही नाही. काही मांजरांचं शरीर त्याला दाबून ठेवतं आणि ती वर्षानुवर्षं धडधाकट राहतात. पण ज्यांच्या रक्तात तो सतत फिरत राहतो, त्यातली बहुतेक निदानानंतर तीनेक वर्षांत जातात. चिमणी या दुसऱ्या गटातली. औषधं आहेत, पण व्हायरस मुळासकट उपटणारं एकही नाही.

आता सांगा, अशा वेळी दोन थेंबांची बाटली कुणाला नको असते?

म्हणून मी त्या बाटलीला तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: बाई, तू आहेस तरी कोण? सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. भांगेच्या झाडातला एक घटक. नशा आणणारा तो टीएचसी, हा नव्हे. गंमत बघा, सीबीडीच्या रेणूची रचना राफाएल मेशुलम यांनी उलगडली १९६३ मध्ये, आणि मांजरांचा हा व्हायरस सापडला १९६४ मध्ये. दोघंही साठी ओलांडलेले. पण सीबीडीनं एफईएलव्ही हटतो किंवा मांजर जास्त जगते, असं दाखवणारी एकही क्लिनिकल ट्रायल नाही. दोघांची पत्रिका जुळवली आहे ती फक्त जाहिरातींनी.

मग मांजरांवर काहीच काम झालं नाही का? झालंय. २०१९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ कुत्र्यांना आणि आठ मांजरांना बारा आठवडे सीबीडी दिलं. दर किलो वजनाला दोन मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मांजरांच्या रक्तात ते कुत्र्यांपेक्षा बरंच कमी उतरलं. मांजरं जिभल्या चाटत आणि डोकं झटकत राहिली. एका मांजरीचं लिव्हरचं एन्झाइम वाढलं. आणि मुख्य मुद्दा, ही सगळी मांजरं निरोगी होती! कुत्र्यांच्या सांधेदुखीवर आशादायक रिझल्ट आहेत. माणसांच्या काही दुर्मीळ अपस्मारांवर तर सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण कुत्र्याचा गुडघा वेगळा आणि चिमणीचा बोनमॅरो वेगळा.

दुसरा प्रश्न: तू मांजरीच्या पोटात गेल्यावर काय करशील? मांजरीचं लिव्हर म्हणजे भलतंच नखरेल खातं. आपण डोकेदुखीला घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, कारण ती पचवून बाहेर टाकायची यंत्रणाच तिच्याकडे तोकडी आहे. सीबीडीचा निचराही लिव्हरमधूनच होतो, आणि इतर औषधांच्या कामात ते लुडबुड करू शकतं. प्रयोगशाळेत ते काही रोगप्रतिकारक पेशींना शांत करतं असंही दिसलंय. सांधा सुजला असेल तर ही गोष्ट कामाची. पण जिची प्रतिकारशक्ती आधीच झोपलीय, तिला अंगाई कशाला? शिवाय तेलात टीएचसी शिल्लक असेल तर मांजर झोकांड्या खाते, लाळ गाळते, गार पडते.

तिसरा प्रश्न कायद्याचा. भांग म्हटल्यावर बाबांना थेट पोलीस स्टेशनच दिसायला लागलं. (दौंडला राज्य राखीव दलाचे कॅम्प असल्यामुळे तिथे खाकी वर्दी तशी लांब नसते!) तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांच्या अर्कापासून आयुर्वेदिक परवान्यावर औषधं बनतात. पण औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांगेचं नाव आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं. मला आलेल्या लिंकवर मात्र देखरेखीचा पत्ता नव्हता. मांजराचा गोड फोटो, 'इम्युनिटी' हा शब्द चार वेळा आणि एक मोठ्ठं 'अ‍ॅड टू कार्ट'. त्या बॅचमध्ये सीबीडी किती, टीएचसी किती, याचा लॅब रिपोर्ट मागितला. त्यावर आलं काय, तर डिस्काउंट कूपन!

पुण्याच्या डॉक्टरांना मी हे सगळं विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'पुढे कधी तिला दुखायला लागलं, तर वेदनेवर माझ्याकडे तपासलेली औषधं आहेत. तेव्हाही तुला तेलाबद्दल विचारावंसं वाटलं तर रिपोर्ट घेऊन ये, आपण लिव्हर बघून ठरवू. आत्ता नको. आणि मला सांग, तुझ्या घरात बाकीची मांजरं किती?'

इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस!

बाकीची मांजरं दौंडला होती. चिमणीची आई ठकी आणि दोन भाऊ. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, त्यामुळे भावांची नावं गार्ड आणि टीसी. दिवाळीत आणि मे महिन्यात चिमणी तिथे मुक्कामाला. चौघं एका थाळीत दूध-पोळी खाणार आणि मग तासभर एकमेकांना चाटत बसणार. आईला त्याचं केवढं कौतुक! आणि हा व्हायरस पसरतो तो नेमका लाळेतून. भांडणातल्या चाव्यानं पसरतो, आईकडून पिलांना जातो, पण प्रेमानं चाटण्यातूनही तितकाच जातो. म्हणून त्याला मैत्रीचा आजार म्हणतात. माझ्या सात हितचिंतकांचं तेल फक्त चिमणीपुरतं होतं. दौंडच्या थाळीकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

न्हावरा, चौफुला, पाटस करत मी दौंड गाठलं. आईला समजावणं हे पीसीआरपेक्षा अवघड काम. 'जन्मल्यापासून एकत्र जेवतायत, आता पंगती वेगळ्या करू?' मी म्हटलं, 'हो, करायच्या.' ती दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी तिनं स्वतःच तीन स्टीलच्या वाट्या काढल्या आणि एक मांजर मागच्या खोलीत, एक गॅलरीत, एक स्वयंपाकघरात अशी वाटणी केली. एक बरं, हा व्हायरस शरीराबाहेर फार टिकत नाही. साबण आणि ऊन त्याला पुरतं. घर जाळायची गरज नसते.

तिघांच्या टेस्ट झाल्या. ठकी आणि टीसी निगेटिव्ह. काही आठवड्यांनी पुन्हा केली, तेव्हाही निगेटिव्ह. गार्ड पॉझिटिव्ह, पीसीआरवरही. अजून तगडा, चार किलोचा, लक्षण एकही नाही.

तेलासाठी बाजूला ठेवलेले पैसे या टेस्टमध्ये गेले. उरलेल्यातून खिडक्यांना जाळ्या बसवल्या. (शिरूर तालुक्यात उसातल्या बिबट्याच्या कृपेनं मांजर घरात का ठेवता हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही!) चिमणीचं रूटीन आता एकदम बोअरिंग आहे. कच्चं मांस नाही, कच्चं दूध नाही, वजन दर रविवारी, रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी, आणि शिंक जरी आली तरी 'बघू उद्या' नाही. यातलं काहीही फोटो काढून टाकण्यासारखं नाही. पण गेल्या तपासणीत तिचं रक्त थोडं वर आलंय. तीन वर्षांचं गणित मला पाठ आहे, आणि ते तिला सांगायची काही गरज नाही.

तुमच्याकडे मांजर असेल तर दोनच गोष्टी. आपल्याकडे नेहमी देतात ती तिहेरी लस या व्हायरसवर चालत नाही. तेव्हा कार्ड भरलेलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आणि नवं पिल्लू घरात आणण्याआधी टेस्ट करा, जुन्यांचीही. तेलाचा विचार नंतर, डॉक्टरांसमोर.

पॉझिटिव्ह मांजरांनी एकत्र राहायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाल्या, म्हणून बाबा गार्डला टोपलीत घालून शिरूरला सोडून गेले. आता माझ्या उशीवर दोघं झोपतात आणि मी कडेला. आईचा फोन रोज रात्री साडेनऊला येतो. 'गार्ड जेवला? चिमणी जेवली?' एवढं विचारते आणि ठेवून देते. मी जेवले का, ते अजून एकदाही विचारलेलं नाही.