पावतीवरचा मुक्काम

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील नोकरी सोडून आम्ही उभयता अमेरिकेत स्थायिक झालो. तेथील कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड साधारणतः १० वर्षांनी नवे करावे लागते. मुदतीच्या सहा महिने आधी अर्ज करता येतो. आम्ही तो वेळेवर केला. वर्ष लोटले, तरी कार्ड आले नाही. अशातच धाटावला आई अंथरुणाला खिळली.

वस्तुतः कार्डाची मुदत संपली, तरी वास्तव्याचा हक्क संपत नाही. जुन्या कार्डासोबत अर्जाची पावती दाखविल्यास मुदत वाढलेली मानली जाते. ही वाढ पूर्वी २४ महिन्यांची होती. सप्टेंबर २०२४ पासून ती ३६ महिन्यांची झाली. कायदा ठाऊक असूनही परतीच्या वाटेवर कोणी अडविले तर, ही धास्ती जाईना. नोकरी व मुलांच्या शाळा तिकडेच होत्या.

अखेर ते दोन कागद उराशी धरून आम्ही निघालो. आईची भेट झाली आणि परततानाही कोणी अडविले नाही.

मिसर देशी आश्रयाला गेलेल्या पवित्र कुटुंबाला परकेपण ठाऊक होते. परदेशी कागद जपावेच लागतात. परंतु हक्क शाबूत असताना केवळ भीतीपोटी आईची खाट अंतरू देऊ नये, एवढेच आम्ही आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना सांगू इच्छितो.