जे सिद्ध करावयाचे होते

भूमितीच्या सिद्धतेखाली क्यू.ई.डी. ही तीन अक्षरे लिहिण्याची आमची सवय शाळेपासूनची. त्यांचा अर्थ मात्र सेमिनरीत लॅटिनची रूपे घोकताना उमगला. ‘क्वोद एरात देमोन्स्त्रान्दुम’, म्हणजे ‘जे सिद्ध करावयाचे होते’. लॅटिनमधील हे कर्तव्यवाचक रूप इंग्रजीत आणताना ओढाताण होते. मराठीत ‘करावयाचे’ हा शब्द त्यासाठी जणू वाट पाहत उभा आहे.

ही अक्षरे लॅटिन असली तरी वचन मूळचे ग्रीक. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास होऊन गेलेल्या युक्लिडच्या भूमितीत प्रमेयाचा शेवट ह्याच शब्दांनी होतो. त्याच्या पहिल्या खंडातील ४८ विधानांपैकी १४ रचना आहेत. समभुज त्रिकोण काढणे ही त्यांतली पहिली. तेथे तो ‘जे करावयाचे होते’ असे म्हणतो, लॅटिनमध्ये क्यू.ई.एफ. सिद्ध करणे वेगळे आणि करून दाखविणे वेगळे, हा विवेक त्याने सोडला नाही. पुढे स्पिनोझाने १६७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रात परमेश्वराविषयीच्या विधानांनाही क्यू.ई.डी. जोडले. तेथे आम्ही दर वेळी थबकतो. पण तो विषय निराळा.

वाचकहो, ह्या अक्षरांत ‘होते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो मागे, आरंभी मांडलेल्या साध्याकडे बोट दाखवितो. जे साध्य म्हणून लिहिले तेच हाती आले काय, एवढेच तो विचारतो.

आम्हांला हे ठाऊक होते, तरीही आम्ही फसलो. आमच्या धर्मग्रामात संध्याकाळी नववीची काही मुले आमच्याकडे गणिताला बसतात. एकदा समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन एकरूप असतात, हे सिद्ध करावयास दिले होते. एका मुलाच्या सुवाच्य उत्तराखाली चौकटीत क्यू.ई.डी. होते. आम्ही पाचांपैकी पाच गुण देऊन मोकळे झालो. त्याची वही पाहून एक मुलगी म्हणाली, “फादर, ह्याने कोबाको कसोटी लावलीय. पण त्यासाठी पायाचे कोन सारखे आहेत हे आधीच धरलंय.”

तिचे खरे होते. साध्यच पक्षात जाऊन बसले होते. शिरःकोनाचा दुभाजक त्याने काढला होताच. सामाईक बाजू घेऊन बाकोबा कसोटी लावली असती तर काम झाले असते. गुण परत घेताना आम्हांला त्याच्याकडे पाहवेना, कारण पूर्ण गुण मिळाल्याचे तो घरी सांगून आला होता. “खाली ती अक्षरं का लिहिलीस?” आम्ही विचारले.

“तुम्ही फळ्यावर लिहिता म्हणून.”

चूक आमची होती, असे आम्ही सर्व मुलांसमोर सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने बाकोबा कसोटीने नवी सिद्धता आणली. खाली जागा कोरी होती.

“आधी वाचा, फादर,” तो म्हणाला. “मग लिहितो.”

ह्या वेळी आम्ही ओळन् ओळ वाचली.