मंगळवार ठरलेला हवा

मुलगी घरी शिकते म्हटलं की पहिला प्रश्न अभ्यासाचा येत नाही. पुण्याहून मावशीचा फोन असो की इथे सिएटलच्या गणपतीत भेटलेल्या काकू, "अगं, पण तिला मैत्रिणी कुठून मिळणार?" हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर घरात बसून देता येत नाही.

सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे १९८५ साली घरशिक्षणाचा कायदा झाला. मूल आठ वर्षांचं झालं की दरवर्षी १५ सप्टेंबरपर्यंत लेखी कळवायचं, अकरा विषय शिकवायचे, वर्षातून एकदा परीक्षा किंवा पात्र शिक्षकाकडून मूल्यमापन करून घ्यायचं. घरचं शिकणं वर्गातल्यापेक्षा कमी साचेबद्ध आणि जास्त अनुभवातून होतं, हेही कायद्याने मान्य केलं आहे. हवं तर जवळच्या सरकारी शाळेत एखाद्याच विषयाला जाता येतं. आमच्या ओळखीचा एक मुलगा फक्त ऑर्केस्ट्रासाठी जातो. पण सोबती मिळवून देणं कुठल्याच कलमात बसत नाही. ते आईबापांनाच करावं लागतं.

नवी कुटुंबं इथे घाबरून सगळा आठवडा भरून टाकतात. आज पोहणं, उद्या रोबोटिक्स, परवा मातीकाम. प्रत्येक ठिकाणी वेगळी मुलं, पाऊण तासाचा वर्ग, आणि संपला की लगेच गाडीत. मूल दमतं, पैसे जातात, मैत्री काही होत नाही. मैत्रीला तीच ती माणसं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात आणि मध्ये काहीच न करण्याचा वेळ लागतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच असतं : एक वार धरा, एक जागा धरा, आणि पाऊस आहे म्हणून तो मोडू नका. सिएटलमध्ये पाऊस बघून बेत ठरवले तर ऑक्टोबर ते मार्च घरातच जाईल.

घरी शिकवणाऱ्या आमच्या कुटुंबांच्या गटाचा वार मंगळवार, जागा कार्कीक पार्क. शहराच्या उत्तर टोकाला, समुद्राला लागून असलेलं हे रान. त्यातून पायपर्स क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि नोव्हेंबरात चम जातीचे सॅमन अंडी घालायला त्यात शिरतात. अंगावर जांभळट पट्टे, नराचा जबडा आकडीसारखा वळलेला, दात बाहेर. मादी कुशीवर वळून शेपटीने वाळू-खडे उडवते आणि तळाशी खळगा करते. मुलं गमबूट घालून काठावर उकिडवी बसतात. ओढ्यात उतरायचं नाही, हा नियम मोठी मुलंच लहानांना बजावतात. अंडी घातल्यावर मासे मरतात, काठाला लागतात, वास सुटतो. गेल्या हिवाळ्यात सहा वर्षांचा एक मुलगा ते बघून रडायला लागला. तेव्हा गटातली तेरा वर्षांची मुलगी त्याच्याजवळ बसली आणि हे मासे पक्षी-प्राणी कसे खातात, उरलेलं झाडांच्या मुळांना कसं पोचतं, ते तिने त्याला सावकाश समजावलं. आम्ही मोठी माणसं मध्ये पडलो नाही. एकाच वयाच्या तीस मुलांच्या वर्गात या दोघांची गाठ पडली नसती.

उन्हाळ्यात मोठी ओहोटी असली की हीच मंडळी किनाऱ्यावर असतात. सिएटल मत्स्यालयाचे स्वयंसेवक तिथे येतात, दगडाखालचे खेकडे, समुद्रफुलं दाखवतात आणि दगड होता तसा परत ठेवायला शिकवतात. जुलैच्या सुमारास बॅलर्ड लॉक्सला जायचं. १९१७ साली खुल्या झालेल्या या जलद्वारांशेजारी माशांसाठी पायऱ्या बांधल्या आहेत, आणि पाण्याखालच्या काचेतून वर चढणारे सॅमन बघता येतात. फी काहीच नाही.

रविवारची मराठी शाळा हा दुसरा ठरलेला वार. तिथे सगळी शाळेत जाणारी मुलं असतात, आणि माझी लेक त्यांच्यात सहज मिसळते. तिला ठरलेल्या माणसांची सवय आहे, म्हणून नवीन माणसाची धास्ती वाटत नाही, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मंगळवारी पार्कमध्ये जवळपास सगळ्या आयाच असतात. आमच्यापैकी काही जणी नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-४ व्हिसावर आहेत, त्यांना नोकरीची परवानगी नाही. काहींनी मुलांसाठी चांगली चाललेली कामं सोडली आहेत. घरशिक्षणाचं कौतुक करताना हा हिशेब कोणी मांडत नाही, आणि तो मांडलाच पाहिजे. म्हणून आमच्या गटाने यंदापासून शनिवारचं पोहणं आणि महिन्यातला एक मंगळवार बाबांवर सोपवला आहे. त्या दिवशी डबा, गमबूट, सुके मोजे, सगळं त्यांनीच बघायचं, आणि आम्ही फोन करून विचारायचंही नाही.