नाला उन्हाळ्याच्या तोंडावर वाहतोय, मोटर टाकायची का?



फेब्रुवारी लागला तरी आमच्या धुऱ्याजवळचा नाला वाहतोच आहे. लहान भाऊ म्हणाला, "दादा, मोटर टाकू. दोन एकर भुईमूग आरामात होते." बियाण्याचा भावही काढून आला होता. म्हटलं, आठ दिवस थांब, पाणी तपासून घेऊ. त्याची ही नोंद.

गावनकाशावर या नाल्याला नाव नाही, नुसती रेघ आहे. भद्रावतीच्या पश्चिमेकडच्या काळ्या वावरांचं पाणी गोळा करून तो शिरनेला देतो, शिरना वर्धेला. वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते, तिथून पुढे प्राणहिता, आणि सिरोंच्याजवळ गोदावरी.

पाण्याचं काम आपल्या मुलखाला नवीन नाही. भद्रावती म्हणजे जुनं भांदक, रेल्वे स्टेशनवर अजून तेच नाव आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ.स. 772 चा ताम्रपट इथलाच. डोलारा तलाव आणि त्यातला जुना दगडी पूल आपण सगळ्यांनी पाहिला आहे. बाबा सांगत, तलाव पाणी धरायला अन् नाला पाणी सोडायला.

बाबांच्या वेळी संक्रांतीनंतर नाला आटायचा. मग रेतीत झिरा खोदून गुरं पाजायची. आता मात्र वाहतो. कारण वरच्या अंगाला उघडी कोळसा खाण आहे. आपल्या काळ्या मातीखाली कामठीचा वालुकाश्म, त्याखाली बराकरच्या थरात कोळसा. वालुकाश्मात पाणी मुरतं, त्यावरच विहिरी चालतात. खाणीचा खड्डा विहिरीपेक्षा खोल, म्हणून भोवतालचं पाणी तिकडं झिरपते. खड्डा कोरडा ठेवायला ते उपसून नाल्यात सोडतात. इकडं माझ्या विहिरीची पातळी दरसाल खाली चालली. मला तरी हिशेब असाच लागतो, की नाला जिवंत झाला नाही, विहिरीचंच पाणी वरून चाललंय.

आता तपासणीचं. पाण्याची ईसी 0.75 डेसिसायमनच्या आत असली तर बिनधास्त वापरा. 0.75 ते 2.25 असली तर जमीन पाहून. त्यावर नको. सोबत आरएससी बघा, 1.25 च्या आत पाहिजे. आमच्या नमुन्याची आरएससी ठीक निघाली, पण ईसी मधल्या गटात आली.

मधला गट म्हणजे काय, ते किलोत मोजू. ईसी 1 असली तर लिटरमागे अंदाजे 640 मिलिग्रॅम क्षार. एकराला 5 सेंटीमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर पाणी, त्यात सुमारे 130 किलो क्षार. भुईमुगाला दहा पाळ्या धरा, म्हणजे एकरी 1300 किलो! आपण खताची एक गोणी टाकताना दहादा विचार करतो राजेहो.

हे क्षार पावसानं धुतले जातात, पण निचरा असला तरच. आमचे खालचे दोन एकर भारी काळे, नाल्याला लागून. जुलै 2022 ला वर्धा फुगली, शिरना तुंबली, नाल्याचं पाणी उलटं वावरात आलं. तिथं क्षार धुऊन जायला वाट कुठं आहे? चिकण माती एकदा बिघडली की सुधारायला वर्षं जातात.

म्हणून खालचे दोन एकर ठेवले. वरच्या मुरमाड अर्ध्या एकरातच भुईमूग लावला. पावसाळ्याआधी अन् नंतर तिथल्या मातीची ईसी तपासणार, मग पुढचं ठरवू. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचंही चूक नाही, दोन एकराचे पैसे डोळ्यासमोरून गेले.

तुमच्याकडंही नाला असाच वाहत असेल, तर मोटर टाकण्याआधी नमुना द्या. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. डबक्यातलं नको, वाहत्या धारेतलं पाणी घ्या. काठोकाठ भरा, जागा अन् तारीख लिहा, दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोचवा. आणि नाल्यातला गाळ, बेशरम काढून टाका. काळ्या जमिनीला नाल्याचा खरा उपयोग निचऱ्याचा आहे, ओलिताचा नंतर.