उष्णता जाते कुठं?

तेलगावच्या चौकातून चार रस्ते फुटतात. बीड, परळी आणि माजलगावच्या रस्त्यांवर गाडी कशीही असली तरी निभावून जाते. धारूरच्या रस्त्याला मात्र बालाघाटाची चढण लागते आणि तिथं गाडीचं खरं दुखणं बाहेर येतं. हंगामात केज-धारूरकडून उसानं भरलेले ट्रक घाट उतरून कारखान्याकडं येत, त्यांचे ब्रेक तापत. साखरेची पोती घेऊन वर निघालेल्यांचं इंजिन तापे. वळणावर बॉनेट उघडं टाकून उभा असलेला ट्रक दिसला नाही, असा फेरा विरळाच.

माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा, असाच एक ट्रक होता. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसायचो. तापमानाचा काटा वर सरकायला लागला की तात्यांचं बोलणं बंद व्हायचं. मग ते गाडी कडेला घेत, मागच्या चाकाला दगड लागे आणि पुढचं काम क्लीनरचं. तो गोणपाट भिजवून रेडिएटरच्या झाकणावर टाकायचा आणि नुसता थांबायचा. आतली फुसफुस कमी झाली की झाकण अर्धा आटा फिरवायचं, तोंड बाजूला करायचं, वाफ जाऊ द्यायची. घाई केली तर उकळतं पाणी थेट अंगावर. त्या क्लीनरच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत आणि फिकट झाली होती. ती कशानं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

"पाणी एकदम ओतू नको, हेड तडकंल," तात्या वरून सांगायचे. इंजिन हलकं चालू ठेवून तांब्या-तांब्यानं पाणी घालायचं. ते पाणी हापशाचं असे, आणि आमच्याकडचं हापशाचं पाणी जड. वर्ष-दोन वर्षांत त्याची खडी रेडिएटरच्या जाळीत बसे. पुढं अकरावी-बारावीच्या सुट्ट्यांत मी चौकातल्या एका गॅरेजात बसायला लागलो, तेव्हा ती खडी जवळून पाहिली. रेडिएटरची वरची टाकी सोडवली की खाली बारीक नळ्यांची रांग दिसते. त्यातल्या कित्येक पांढऱ्या-पिवळ्या थरानं पार बुजलेल्या. मिस्त्री लांब पातळ पट्टी एकेका नळीतून खालपर्यंत घालून ओढायचा, याला रॉडिंग म्हणतात. प्रत्येक ओढीला भुकटी पडायची. माझ्या डोक्यात इंजिन तापणं म्हणजे इंजिनात काहीतरी बिघडणं होतं. मिस्त्री म्हणाला, "इंजिन तापणारच, त्याचा धर्मच हाय तो. तापलेलं वाहून नेणारा कोण, ते बघायचं."

हे वाक्य मला पुढं पुस्तकात आकड्यांसकट भेटलं. पेट्रोलमधून निघालेल्या उष्णतेतला ढोबळमानानं तिसरा हिस्सा गाडी पळवायला कामी येतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला तिसरा पाण्याला उचलावा लागतो. पाणी तो रेडिएटरला देतं, रेडिएटर हवेला. यात काहीही नाहीसं होत नाही, उष्णता फक्त हात बदलते. एखाद्यानं घ्यायचं नाकारलं की मागच्या सगळ्यांकडं ती साचत जाते.

गॅरेजात बसायच्या त्याच वर्षांत मी हेच मोठ्या मापात पाहिलं होतं. तेलगावच्या सोळंके कारखान्यात ओळखीच्या कामगारामागं जाता यायचं. उसाच्या रसाची वाफ गार करायला जे पाणी लागतं, ते स्वतः कोमट होऊन बाहेर पडतं. ते उघड्या तळ्यावर कारंज्यांनी उडवतात, त्यातलं थोडं हवेत उडून जातं आणि उरलेलं गार होऊन परत कामाला लागतं. कारखान्याची उष्णता शेवटी त्या तळ्यावरच्या हवेत जायची. बॉयलरपुढच्या माणसाच्या वाट्याला आलेली मात्र त्याच्या बनियनवर दिसायची.

पुण्यात नोकरी लागल्यावर मी नवी गाडी घेतली आणि हा विषयच मिटला. नव्या गाड्यांत बहुधा काटा मधोमध येऊन थांबतो आणि पाणी दहा-वीस अंशांनी वर-खाली झालं तरी हलत नाही. तो मुद्दाम तसा केलेला असतो, चालवणाऱ्यानं घाबरू नये म्हणून. काही गाड्यांत तर काटाच नाही, थेट लाल दिवा. उष्णता आहे तेवढीच आहे, पण ती कोण उचलतंय हे आपल्याला विचारायची सोय उरलेली नाही.

ती सोय परत मिळाली एका जुन्या स्पोर्ट्स कारमुळं. दोन माणसांची, छत मागं टाकता येणारी, 1990च्या दशकातली. अशा गाडीचं नाक सखल, हवा आत यायचं तोंड लहान आणि बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही. ही अडचण जगभरची आहे. 1961 साली आलेल्या देखण्या जॅग्वार ई-टाइपचीही गर्दीत तापण्याबद्दल ख्याती आहे. पोर्शेनं आपल्या 911 चं इंजिन 1998 पर्यंत नुसत्या हवेवर गार केलं, मग तीही पाण्यावर आली.

मे महिन्यात नगर-बीड-वडवणी करत मी ती गावी आणली. सपाटीवर काटा जागेवर होता. दुसऱ्या दिवशी धारूरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर तो चढायला लागला. याचं गणित सरळ आहे. रेडिएटर किती उष्णता टाकणार, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 90 अंशांवर आणि जानेवारीतली हवा 25 वर, तर फरक 65. मे महिन्यात हवा 42 वर, फरक उरला 48. म्हणजे तोच रेडिएटर पाव हिश्शाहून जास्त अधू झाला. त्यात चढणीला इंजिन जोरात आणि गाडी हळू, त्यामुळं समोरून वारं नाही. सगळा भार पंख्यावर.

चौकातल्या त्याच गॅरेजात आता मिस्त्रीचा मुलगा बसतो. त्यानं आधी प्रश्न विचारले. गर्दीत तापते की पळताना? गर्दीत तापली तर पंखा किंवा त्याचा स्विच. पळताना तापली तर जाळी बुजलेली, नाहीतर खालचा होज पाणी ओढताना चपटा होतोय. थंड इंजिन चालू करताच पाण्यात बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट, मग खर्चाला सीमा नाही. माझी घाटात तापत होती, म्हणून दोन्हीकडं शंका. इंजिन गरम करून बंद केलं, पंख्याची वायर काढली आणि त्यानं जाळीवरून तळहात फिरवला. वरचा भाग पोळत होता, खाली एका कोपऱ्यात वीतभर पट्टा जवळपास गार. तिथून पाणीच जात नव्हतं. पंख्याचा स्विचही उशिरा लागत होता. थर्मोस्टॅट मात्र सापडलाच नाही. आधीच्या कुणीतरी काढून टाकला होता. आपल्याकडं हे सर्रास चालतं. खरं तर तो कालव्याच्या दारासारखा आहे: इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवायचं, साधारण 85 अंशांना सोडायचं. दारच नसलं तर इंजिन थंडीत कितीतरी वेळ गारठलेलं चालतं, झिजतं आणि पेट्रोल पितं.

जाळी नवी बसवली, स्विच बदलला, थर्मोस्टॅट परत घातला. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. शेवटचं काम हवा काढायचं. या गाडीत रेडिएटर इंजिनापेक्षा खाली, म्हणून हवेचा फुगा वर अडकून बसतो. गाडीचं तोंड चढाला लावलं, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, आणि पोरगा वरचा होज दाबत राहिला. दर दाबाला एक बुडबुडा, मग पाण्याची पातळी बोटभर खाली, मग भर. पाऊण तास हेच.

घाट परत चढताना तात्या शेजारी बसले. दुपारचा एक. शेवटच्या वळणांना काटा नेहमीपेक्षा दोन रेघा वर गेला, तेव्हा मी हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, फक्त त्याची हवा आपल्या अंगावर येते. वरून ऊन, खालून पायांवर भट्टी. काटा एक रेघ उतरला. तात्यांनी पंचा गुडघ्यांवर टाकला आणि म्हणाले, "आमच्या गाडीत ह्याला पगारी माणूस होता."

मला ते लागलं, आणि पटलंही. त्यांच्या ट्रकची जास्तीची उष्णता त्या क्लीनरच्या हातानं घेतली होती. मी केबिनमधून बघत होतो. यंत्र माझं, हौस माझी, तर जे हवेला देता येत नाही ते माझ्या पायांनी घ्यावं, हा हिशेब सरळ आहे. कूलंट दर दोन वर्षांनी बदलतो, हापशाचं पाणी त्यात पडू देत नाही, त्यामुळं घाटात हीटर लावायची पाळी क्वचित येते. पण मे महिन्यात येतेच.