न पाहतां दिलेला निकाल

परीक्षकाचा धंदा मनुष्याला फार लवकर बिघडवितो. पंचवीस-तीस वर्षें दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर तांबडी शाई ओढीत राहिल्यावर आपलीहि कधीं चूक होत असेल ही शंकाच मनांतून नाहींशी होते. आम्हीं ज्या चुकीची हकीकत येथें सांगणार आहों, ती एका चित्रपटाच्या निमित्तानें घडली. पण तिचा खरा संबंध आमच्या तांबड्या शाईशीं आहे.

आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों, व अलीकडे कांहीं वर्षें त्याच्या जोडीला चित्रपटांचा एक छोटा अभ्यासक्रमहि आमच्याकडे आला आहे. गेल्या सत्रांत आम्हीं विद्यार्थ्यांना पंचवीस गुणांचा एक निबंध लिहावयास सांगितला. विषय असा, कीं गाजलेल्या जुन्या भयपटाची नवी आवृत्ति निघाली असतां तिचा न्याय कोणत्या कसोटीनें करावा? बहुतेकांनीं अपेक्षेप्रमाणें जुन्याचे गोडवे गायिले. एका मुलीनें मात्र आपल्या निबंधाला 'नव्या सायकोचे उपकार' असें नांव दिलें होतें. तें नांव वाचूनच आमच्या कपाळाला आठी पडली. आम्हीं निबंधावरून भराभर नजर फिरविली, समासांत 'मुद्दा असिद्ध' असा शेरा मारला आणि पंचवीसांपैकीं नऊ गुण देऊन मोकळे झालों.

चार दिवसांनीं ती मुलगी आमच्या खोलींत आली. गुणांबद्दल ती कांहींच बोलली नाहीं. तिनें अगदीं साधेपणानें विचारलें, "सर, तो नवा चित्रपट आपणांला कोठें पाहावयास मिळाला? मला फार शोधावा लागला."

"पाहिला होता, बऱ्याच वर्षांपूर्वीं," आम्हीं उत्तर दिलें.

हें उत्तर साफ खोटें होतें. तो चित्रपट 1998 सालीं निघाला, तेव्हांपासून तो कसा फसला याविषयीं आम्ही वर्गांत बोलत आलों आहों. पण त्याचें एक दृश्यहि आम्हीं पाहिलें नव्हतें. दोन-चार परीक्षणें वाचलीं होतीं आणि जुन्यावरील आमच्या भक्तीनें उरलेलें काम केलें होतें. मुलगी "बरें, सर" म्हणून निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर अविश्वासाची छटासुद्धां नव्हती, आणि तेंच आम्हांला अधिक लागलें.

आमच्या भक्तीचा इतिहास येथें सांगितला पाहिजे. आल्फ्रेड हिचकॉकचा मूळ 'सायको' 1960 सालचा. आम्हीं तो पाहिला वसतिगृहांत असतांना, भाड्यानें आणलेल्या व्हिडिओ यंत्रावर, एका खोलींत पंधरा-वीस जणांनीं दाटीवाटीनें बसून. कथानकाची आम्हांला कांहींच माहिती नव्हती. मेरियन नांवाची एक तरुणी मालकाचे चाळीस हजार डॉलर घेऊन पळते, पावसांत रस्ता चुकून एका आडबाजूच्या मोटेलांत उतरते, तेथील लाजाळू तरुण व्यवस्थापकाशीं दोन शब्द बोलते आणि चोरीचे पैसे परत करण्याचें ठरवून स्नानास जाते. तेथें तिचा खून होतो! चित्रपट अजून अर्ध्यावरहि आलेला नसतो. नायिकाच गेल्यावर आतां पाहावयाचें काय, असा प्रश्न पडून आमच्यांतील एकानें कॅसेट चुकीची लागली असावी अशी शंकाहि काढली. त्यानंतर आठवडाभर वसतिगृहांत कोणी स्नानगृहाचें दार पूर्ण लावून घेईना. वास्तविक तेथें तुषारस्नानाची सोयच नव्हती; बादली आणि तांब्या यांवर आमचें स्नान होत असे. पण भीतीला नळाची तोटी लागत नाहीं.

पुढें वयाबरोबर त्या भीतीचें आदरांत रूपांतर झालें. हिचकॉकनें हें चित्र आपल्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या मंडळींना हाताशीं धरून, थोड्या खर्चांत आणि कृष्णधवल रंगांत काढलें. स्नानगृहांतील प्रसंग पडद्यावर पाऊण मिनिटाच्या आसपास टिकतो. त्याच्या चित्रणास सात दिवस लागले. त्यांत सुरी अंगांत शिरतांना जवळजवळ दिसतच नाहीं. ती आपल्या मनांत शिरते. त्या प्रसंगाला संगीत नको असें दिग्दर्शकाचें प्रथम मत होतें. बर्नार्ड हर्मननें तरीहि तें रचलें, केवळ तंतुवाद्यांवर, आणि तें ऐकतांच हिचकॉकनें आपलें मत बदललें. मोठ्या मनुष्याला आपला निकाल फिरवितां येतो, हें आम्ही दरवर्षीं वर्गांत कौतुकानें सांगतों. सांगणें आणि करणें यांतलें अंतर मात्र आम्हांला पुढें कळावयाचें होतें.

त्या शनिवारीं आम्हीं दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावयाचें ठरविलें. आमच्या सौभाग्यवती प्रथम नको म्हणत होत्या. मग निवडावयाची भाजी घेऊन शेजारीं येऊन बसल्या. आधीं जुना झाला, नंतर गस व्हॅन सँट या दिग्दर्शकाचा नवा सुरू झाला. या गृहस्थाचा संकल्प असा, कीं जुन्या चित्रपटांतील दृश्यामागून दृश्य बहुतेक जसेंच्या तसें पुन्हां घ्यावयाचें. संवाद तेच, कॅमेऱ्याच्या जागा त्याच, संगीतहि हर्मनचेंच, डॅनी एल्फमननें नव्यानें ध्वनिमुद्रित केलेलें. बदल फार थोडे. कृष्णधवलाच्या जागीं रंग आले. काळ 1998 चा झाला. महागाईला अनुसरून चाळीस हजारांचे चार लाख डॉलर झाले.

प्रारंभींच आमच्या पूर्वग्रहाला एक धक्का बसला. शहरावरून तरंगत येऊन एका हॉटेलच्या खिडकींतून आंत शिरणारें जें दृश्य हिचकॉकला तुकडे जोडून साधावें लागलें होतें, तें येथें अखंड वाहत आलें होतें. दुसरी गोष्ट ज्युलियन मूर या नटीची. बहिणीचा शोध घेणारी लायला जुन्या चित्रपटांत काळजीनें व्याकूळ झालेली दिसते. येथें ती तरातरा चालत जाऊन दार ठोठावणारी बाई झाली आहे, आणि तें पटतें. हे दोन गुण आम्हीं कागदावर टिपून ठेवले.

परंतु त्यापुढें कागद दुसऱ्या बाजूनें भरूं लागला. जुन्यांत मेरियनचें अंतर्वस्त्र चोरीपूर्वीं पांढरें असतें व चोरीनंतर काळें. शब्दावांचून मनाची अवस्था सांगणारी ही खूण रंगांच्या गर्दींत तितकी बोलत नाहीं. भिंतीच्या छिद्रांतून डोकावणाऱ्या तरुणाच्या मनांत काय चाललें असेल तें हिचकॉक प्रेक्षकावर सोडतो. नवा दिग्दर्शक तें आवाजासह स्पष्ट करून सांगतो. खुनाच्या क्षणीं तो मधेंच वादळी ढगांसारखीं दृश्यें घुसवितो. साहित्यशास्त्रांत भयानकाचा स्थायी भाव भय व बीभत्साचा जुगुप्सा असा भेद केला आहे. एकांत आपण अंग चोरून पाहत राहतों. दुसऱ्यांत तोंड फिरवितों. लाल रक्त दिसूं लागतांच नवा चित्रपट पहिल्या रसांतून दुसऱ्यांत घसरतो.

सर्वांत मार्मिक परीक्षण मात्र भाजी निवडतां निवडतां झालें. व्हिन्स व्हॉन हा उंच, रुंद खांद्यांचा नट मोटेलचा व्यवस्थापक म्हणून पडद्यावर आला, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मघाच्या त्या किडकिडीत पोराला मीं बोलावून जेवावयास वाढलें असतें. या माणसाच्या दुकानांत मीं एकटी पाऊलसुद्धां टाकणार नाहीं." आम्हीं वाचलेल्या कोणत्याहि परीक्षणांत हें इतक्या थोडक्यांत आलें नव्हतें. अँथनी पर्किन्सचा नॉर्मन आपल्याला आवडतो, त्याची कींव येते. म्हणून शेवटीं जें उघड होतें त्याची भीति वाटते. ज्याच्याविषयीं प्रथमपासून संशय आहे, तो खुनी निघाला तर त्यांत नवल कसलें?

मग पुनर्निर्मिति हीच मुळांत वाईट काय? तसें म्हणावें तर आपल्या रंगभूमीचा अर्धा इतिहास पुसावा लागेल. आगरकरांनीं 1883 सालीं 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केलें, देवलांनीं 1890 सालीं 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलें. आणि खुद्द शेक्सपिअर तरी दुसऱ्यांचींच कथानकें घेऊन बसला होता. फाळक्यांचा हरिश्चंद्र 1913 सालीं मुका होता. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्यें तो 1932 सालीं बोलूं लागला. हिचकॉकनेंहि आपलाच 1934 सालचा एक चित्रपट 1956 सालीं पुन्हां काढला. ज्यांना हल्लीं स्लॅशर म्हणतात, त्या सुऱ्यांच्या चित्रपटांत तर ही वहिवाटच पडली आहे. जॉन कार्पेंटरचा 1978 सालचा 'हॅलोवीन' घ्या. त्यांतील नायिका जेमी ली कर्टिस ही 'सायको'मधील मेरियनचें काम करणाऱ्या जॅनेट लीची मुलगी. 2007 सालीं रॉब झॉम्बीनें तो पुन्हां काढला व खुन्याचें सबंध बालपण उलगडून दाखविलें. कार्पेंटरच्या पांढऱ्या मुखवट्यामागें कांहीं कारण दिसत नाहीं, आणि त्यामुळेंच भय वाटतें. कारण सांगितलें कीं भयाची जागा दया घेते. आम्हांला जुना अधिक रुचतो; पण झॉम्बीला स्वतःचें कांहीं सांगावयाचें होतें, हें नाकारतां येत नाहीं. देवलांनाहि सांगावयाचें होतें. नव्या 'सायको'नें मात्र कथा, शब्द, चौकटी सगळें जपलें, आणि तरीहि त्यांतला जीव हातीं लागला नाहीं. येथवर आमचा जुना निकाल कायम राहिला.

रविवारीं सकाळीं आम्हीं त्या मुलीचा निबंध पुन्हां हातीं घेतला, आणि यावेळीं तो वाचला. नवा चित्रपट चांगला आहे असें एकहि वाक्य त्यांत नव्हतें! तिचें म्हणणें इतकेंच होतें, कीं आमच्या पिढीला स्नानगृहांत काय होणार हें 'सायको' पाहण्याच्या आधींच ठाऊक असतें; तेव्हां धक्क्यावांचून त्या चित्रपटांत काय उरतें हें आम्हांला कसें कळावें? त्यासाठीं ज्यांत सर्व चौकटी त्याच आहेत पण माणसें दुसरीं आहेत अशी एक प्रत उपयोगी पडते. दोन्ही शेजारीं ठेवल्या म्हणजे दिसतें, कीं जुन्याचें सामर्थ्य चौकटींत नव्हतें. तें पर्किन्सच्या अडखळत्या बोलण्यांत होतें, काळ्यापांढऱ्या सावल्यांत होतें, न दाखविण्यांत होतें. नव्याचे उपकार ते हेच. आम्ही शनिवारी रात्रीं ज्या ठिकाणीं पोंचलों, तेथें ती मुलगी महिन्यापूर्वींच जाऊन बसली होती. आणि तिच्या त्याच पानाच्या समासांत आमच्या अक्षरांत 'मुद्दा असिद्ध' असें लिहिलेलें होतें.

आम्हीं एक चित्रपट न पाहतां निकालांत काढला होता, आणि एक निबंध न वाचतां. पहिल्या अन्यायाची व्हॅन सँट यांना दाद ना फिर्याद. दुसरा मात्र एका मुलीच्या गुणपत्रिकेवर जाऊन बसला होता.

सोमवारीं तिला बोलावून आम्हीं सर्व खरें सांगितलें. नवा चित्रपट पाहिला नव्हता हेंहि सांगितलें. हें वाक्य उच्चारणें पंचावन्नाव्या वर्षीं वाटतें तितकें सोपें नाहीं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मग तो शेवटचा परिच्छेद मीं फार लांबविला आहे का? मला तो बरोबर साधलेला नाहीं असें वाटत होतें." तो खरोखरच लांबला होता. आम्ही दोघे अर्धा तास त्या परिच्छेदावर बोलत बसलों.

दुपारीं आम्ही कचेरींत गेलों. गुणांत बदल करावयाचा तर एक छापील अर्ज भरावा लागतो, व त्यांत 'बदलाचें कारण' असा एक रकाना असतो. त्यांत 'बेरजेची चूक' असें लिहिण्याचा सर्वांचा प्रघात आहे. आम्हींहि पूर्वीं तो पाळला आहे. कारकुनानें संवयीनें तेंच लिहावयास लेखणी उचलली होती. आम्हीं अर्ज आपल्याकडे ओढून घेतला, नवाच्या जागीं एकोणीस केले, आणि रकान्यांत लिहिलें: 'परीक्षकाची चूक'.